तिकीट कोण ठरवणार?

जून २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षात आधी घरातलीच निवडणूक झाली. माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांना झोहरान ममदानी या तरुण आमदाराने हरवले. कौल पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांनी दिला. कुओमो नंतर अपक्ष उभे राहिले आणि नोव्हेंबरात पुन्हा हरले.

आपल्याकडे हेच भांडण गटांत फुटते. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. आज त्याचे गट मोजायला बोटे पुरत नाहीत. १९९८ ला एकीने, काँग्रेसशी युती करून लढलो, तेव्हा चार खासदार निवडून आले, तेही खुल्या जागांवरून. ती एकी टिकली नाही.

२०१९ ला सोलापुरात बाळासाहेब आंबेडकरांना १ लाख ७० हजार मते पडली. ती देणाऱ्या वस्त्यांत मी काम करतो. गट कोणताही असो, बूथवर बसणाऱ्या पोरांना उमेदवार व्हॉट्सअ‍ॅपवर कळतो. प्रश्न विचारला की गद्दार! मग नाराज माणूस नवा गट काढतो.

राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ लाच संविधान सभेत बजावले होते. म्हणून मागणी एकच: तिकिटाआधी शाखेतल्या सभासदांचे गुप्त मतदान घ्या. एकीची भाषणे खूप झाली.

जयभीम!