माइकसमोरचा ढोल : काही टिपणे

सातपुड्यातले, अक्कलकुवा तालुक्यातले काठी हे जुन्या मेवासी संस्थानाचे गाव. फाल्गुनी पौर्णिमेला इथे रात्रभर ढोल वाजतात आणि राजवाडी होळी पेटते ती पहाटे. तेच ढोल-बासरी निवांतपणे ध्वनिमुद्रित करायचे, तर घरातल्याच एका खोलीत माइक, इंटरफेस आणि लॅपटॉप मांडावा लागतो. हेडफोन कानाला लावला की ढोलाच्या आधी ऐकू येते ती घूंऽऽ. ही टिपणे त्या घूंची, शिट्टीची आणि खरखरीची.

*

आपली घरगुती वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० आवर्तनांची. खोल, एकसुरी घूं ऐकू आली की ती बहुधा ५० हर्ट्‌झची किंवा तिच्या पटीतली, १०० नाहीतर १५० ची. बारीक कर्रर्र असेल तर संशय दुसऱ्यांवर घ्यायचा : पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, एलईडी दिव्यातले स्वस्त सर्किट, मोबाइलचा चार्जर, साधा इन्व्हर्टर. पंखा पूर्ण बंद करून ऐकावे. कर्रर्र थांबली तर चोर सापडला.

*

शोधायची रीत एकच. एका वेळी एकच वस्तू बंद करायची आणि ऐकायचे. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवावा. मग माइकची केबल काढावी, पण त्याआधी आवाजाचे बटण शून्यावर. घाईने चार तारा एकदम उपसल्या तर घूं जाते खरी, पण कशामुळे गेली ते कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती परत हजर.

*

लॅपटॉप एका भिंतीच्या बोर्डावर आणि अँप्लिफायर दुसऱ्या भिंतीच्या, अशी मांडणी असली की दोघांच्या अर्थिंगचे ऑडिओ केबलमधून वेटोळे तयार होते. त्यातून जो किरकोळ प्रवाह फिरतो तो घूं होऊन कानावर येतो. उपाय स्वस्त आहे : सगळी यंत्रे अर्थिंग असलेल्या एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डावर घ्यायची. तरी भागले नाही तर बॅलन्स्ड केबल, नाहीतर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स. डीआय बॉक्सवरचे ‘ग्राउंड लिफ्ट’ बटण फक्त ऑडिओ तारेची अर्थजोडणी तोडते, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही. म्हणून ते चालते.

*

आणि हे अजिबात चालत नाही : थ्री-पिन प्लगची वरची जाड पिन कापणे, किंवा टू-पिनच्या जोडणीतून अर्थ गुल करणे. घूं खरोखर जाते, म्हणूनच ही युक्ती एका साउंडवाल्याकडून दुसऱ्याकडे पोचते. पण उद्या अँपच्या आत एखादी तार सुटून पत्र्याला टेकली, तर त्या विजेला जमिनीत जायला उरतो तो फक्त माणूस. गायकाचे ओठ माइकच्या जाळीला, पाय सारवलेल्या ओलसर भुईवर. माइकला हात लावताच झिणझिण्या आल्या तर गाणे तिथेच थांबवायचे, मेन स्विच बंद करायचा आणि वायरमनला बोलवायचे. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, असावा. आकडा टाकलेल्या लाइनवर मुद्रण करूच नये.

*

सातपुड्यात खाली काळा दगड. उन्हाळ्यात माती वाळली की अर्थिंगचा खड्डा नीट काम करत नाही, आणि होळी नेमकी त्याच दिवसांच्या तोंडावर येते. खड्ड्यात पाणी घालत राहावे. पावसाळ्यात मामला उलटा : ढग गडगडले की सगळे प्लग काढून ठेवायचे. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना तसेही काही मुद्रित होत नाही.

*

टिर्र-टिक-टिक-टिर्र. हा खिशातला मोबाइल. टू-जी नेटवर्कवर फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा ठोके देत बोलतो आणि केबल ते ठोके पकडते. डोंगरात रेंज कमी, म्हणून टॉवर गाठायला फोन जास्त जोर लावतो. मुद्रणाआधी खोलीतल्या सगळ्यांचे फोन फ्लाइट मोडवर. बघायला आलेल्या पोरांचेसुद्धा.

*

शिट्टीचा हिशेब वेगळा. माइकने ऐकलेले स्पीकर मोठ्याने सांगतो, ते माइक पुन्हा ऐकतो. फेऱ्यागणिक जो सूर वाढत जातो तो किंचाळतो. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांनी याचा अभ्यास केला, म्हणून याला लार्सन परिणाम म्हणतात. घरात मुद्रण करताना स्पीकर बंद आणि कान झाकणारा हेडफोन चालू, एवढ्याने प्रश्न मिटतो. स्पीकर लागणारच असेल तर कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचे ऐकणाऱ्या, माइकची पाठ त्याच्याकडे करावी आणि गायकाला माइकच्या जाळीभोवती मूठ आवळू देऊ नये. मूठ आवळली की माइक चारी बाजूंचे ऐकू लागतो.

*

शिट्टी हेडफोनमध्ये घुसली तर धोका थेट कानाला. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागी मानलेली मर्यादा. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे. केबल लावताना-काढताना हेडफोन गळ्यात ठेवावा. बंद खोलीत ढोल वाजतो तेव्हा वादकालाही इअरप्लग द्यावेत, नुसत्या कापसाने भागत नाही.

*

जुने कुडाचे घर मुद्रणाला नव्या स्लॅबच्या खोलीपेक्षा बरे. बांबूच्या कुडावर शेणमातीचा खडबडीत लेप, वर कौले, कोपऱ्यात धान्याची कणगी. आवाज आपटून परत येत नाही. स्लॅबच्या खोलीत टाळी वाजवली की समोरासमोरच्या भिंतींत ती फडफडते. तिथे गोधड्या टांगाव्या आणि मक्याची पोती भिंतीला लावावी.

*

गायकाच्या माइकला ८० हर्ट्‌झखालचे कापणारा फिल्टर लावला तर बिघडत नाही. ढोलाच्या माइकला लावला तर ढोलाचा पोटातला आवाजच जातो. ढोलामागची घूं मुळातच बंद करावी. अगदीच राहिली तर ५० आणि १०० वर अरुंद काप. ढोलाचा माइक हातभर लांब धरावा आणि सर्वांत जोराचा ठोका मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावा. २४ बिटमध्ये मुद्रण केले की हळू आवाजाची भीती उरत नाही; फाटलेला ठोका मात्र नंतर शिवता येत नाही.

*

प्रत्येक गाण्याआधी अर्धा मिनिट नुसत्या खोलीचा आवाज टिपावा. रातकिड्यांची किरकिर सॉफ्टवेअरला त्यावरून ओळखता येते. पण सफाईचा हात जड झाला की बासरीतली फुंकही पुसली जाते.

*

होळीत नाचणाऱ्यांच्या कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू असतात. मुद्रणात त्यांचा खुळखुळाट ठोक्याच्या किंचित मागे येतो, आणि शहरातला संपादक त्याला गोंगाट समजून कापतो. घूं, शिट्टी, टिर्र ही यंत्रांची देणगी, ती काढायचीच. बाकी काय ठेवायचे हे वाजवणाऱ्याला हेडफोन देऊन विचारावे आणि तो सांगेल तसे करावे.