मायोनीज घरचे, पण कच्च्या अंड्याचे नको

मुंबई-कोलकाता महामार्गावर, छत्तीसगडच्या सीमेलगत आमची देवरी. या रस्त्याने ट्रक येतात, तशा खाण्याच्या नव्या तऱ्हाही येतात. मोमोज आले, शोरमा आला आणि त्यांच्यासोबत ती पांढरी दाट चटणीही आली, मायोनीज. आता रमजानमध्ये इफ्तारच्या कटलेटबरोबरही मुलांना तीच हवी असते. आम्ही दोघी जावांनी ठरवले, सारखी विकतची बाटली आणण्यापेक्षा घरीच करू.

करायला ती अवघड नाही. अंड्याचा बलक, लिंबाचा रस, मीठ, मोहरीची पूड आणि तेल, एवढेच सामान. तेल आणि पाणी एरवी एकत्र नांदत नाहीत. पण बलकात लेसिथिन नावाचा घटक असतो. तो तेलाच्या बारीक थेंबांना धरून ठेवतो आणि मिश्रण लोण्यासारखे दाट होते. तेल आधी थेंब-थेंब, मग अगदी बारीक धारेने घालायचे. घाई केली की मिश्रण फाटते.

खरी काळजी वेगळीच आहे. नेहमीच्या कृतीत बलक कच्चाच वापरतात. कवच कितीही स्वच्छ दिसले तरी अंड्याच्या आत साल्मोनेला हे जंतू असू शकतात. उलट्या, जुलाब, ताप येतो. लहान मुले, गरोदर बाया आणि वृद्ध यांच्या जिवावरही बेतू शकते. म्हणूनच कच्च्या अंड्याच्या मायोनीजवर केरळने जानेवारी २०२३ मध्ये बंदी घातली. तेलंगणाने ३० ऑक्टोबर २०२४ रोजी आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये वर्षभरासाठी तेच केले. पण या बंदी दुकाने, हॉटेले आणि गाड्यांसाठी. आपल्या स्वयंपाकघरात तपासायला कोणी येत नाही. तिथली जबाबदारी आपलीच.

सूरह बकराच्या १६८व्या आयतीत हलालसोबत तय्यब हा शब्दही आला आहे. अंडे हलाल आहे, यात वाद नाही. पण जे खाऊन घरचे म्हातारे माणूस अंथरुणाला खिळेल, ते तय्यब कसे म्हणावे? आमच्या घरात सासूबाई आहेत, तीन वर्षांचे लेकरू आहे. म्हणून आम्ही बलक शिजवूनच घेतो.

दोन बलक, दोन मोठे चमचे लिंबाचा रस आणि दोन मोठे चमचे पाणी एका छोट्या पातेल्यात घ्यावे. अगदी मंद आचेवर सतत ढवळावे. एक-दोन ठिकाणी बुडबुडे दिसू लागले की लगेच उतरवावे. चारेक मिनिटांनी मिक्सरच्या भांड्यात काढून मीठ, चिमूटभर साखर आणि मोहरीची पूड घालावी. मग मिक्सर चालू ठेवून एक कप सूर्यफुलाचे तेल हळूहळू सोडावे. लिंबाऐवजी सिरकाही चालतो, आपल्या नबी (स.) यांनी तर सिरक्याची सालन म्हणून तारीफ केली आहे.

अंडेच नको असेल तर अर्धा कप तापवून थंड केलेले दूध घ्यावे आणि मिक्सरमध्ये फिरवत एक कप तेल बारीक धारेने सोडावे. दाट झाल्यावर लिंबू-मीठ घालावे. मुलांना फरक कळतही नाही.

एवढे करूनही जपावेच लागते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि लाईट गेली की फ्रिज नुसते कपाट होते. म्हणून लागेल तेवढेच करावे, दस्तरख्वानावर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नये आणि उरलेले फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावे. शेजारी वाटी पाठवताना हे सांगूनच पाठवावे. रोजेदाराला खाऊ घालण्यात मोठा सवाब आहे. ते खाणे त्याला बाधणार नाही, हे पाहणेही त्यातच आले.