विठ्ठल नसलेलं विठ्ठल मंदिर

हंपीला गेलात की दगडी रथासमोर फोटो मस्ट! नव्या पन्नासच्या नोटेवर आहे ना तो. आम्हीही पोज दिल्या. खरं तर तो रथ नाहीच, गरुडाचं छोटं देऊळ आहे. पुढचे हत्ती नंतर बसवलेत. मागे घोड्यांच्या शेपट्या अजून दिसतात.

पण मी अडकलो ते गाभाऱ्यापाशी. आत कुणीच नाही. कृष्णदेवरायाने पंढरपूरचा विठोबा इथे आणला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत नेला, असं आपल्याकडे सांगतात. आजीची ही गोष्ट मी कधी सीरियसली घेतली नव्हती. त्या काळोखात मात्र हात आपोआप जोडले गेले. कुणाला, कोण जाणे. ज्याला भेटायचं तो तर आपल्याच घरी!

बाहेर जवळपास किलोमीटरभर लांब बाजारपेठ, नुसते खांब उरलेली. १५६५ साली तालिकोटची लढाई हरले आणि एवढं श्रीमंत शहर लुटलं गेलं. विरुपाक्षाच्या देवळात मात्र आजही रोज पूजा होते.

होसपेटहून हंपी साधारण तेरा किलोमीटर. सकाळी लवकर निघा, दुपारी दगड सॉलिड तापतात. आणि हो, संगीत खांबांवर टकटक करायला बंदी आहे. गार्ड लगेच शिटी मारतो.