एकवीस चौकटींची बाराखडी

जुन्या संगणकांसाठी नवे खेळ रचण्याच्या स्पर्धा जगात आजही भरतात. 'बेसिक' भाषेच्या अवघ्या दहा ओळींत पुरा खेळ बसवण्याची एक स्पर्धा २०११ साली सुरू झाली. शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीत, शाळकरी मुलांसाठी, आम्हीही असाच एक छोटा घाट घातला आहे.

यंत्र निवडले ते झेडएक्स स्पेक्ट्रम. १९८२ साली इंग्लंडात निघालेले हे यंत्र पुढे पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने 'डीबी स्पेक्ट्रम' या नावाने भारतात आणले. स्मृती ४८ केबी. खेळ कॅसेटवरून चढवायचा. आता मूळ यंत्र विरळाच, पण त्याची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञावली साध्या मोबाइलवरही चालते.

नियम लिहायला बसलो आणि मराठीपाशी अडलो. या यंत्राला देवनागरी ठाऊक नाही. मात्र मनाजोगती चिन्हे घडवायला ते एकवीस जागा देते. प्रत्येक जागा आठ बाय आठ ठिपक्यांची. शिरोरेघेने एक ओळ घेतली की उरतात सात. 'ट' सुखाने बसतो, 'ळ' कसाबसा, 'क्ष' गुदमरतो. नुसती व्यंजनेच एकवीसहून अधिक. शिवाय खेळातल्या नायकालाही एक चौकट लागते, म्हणजे तेवढे एक अक्षर गेले. सगळा अक्षरसंचच बदलण्याची युक्ती आहे, ती आम्ही नियमाने बंद केली. खेळ मराठीत बोलला पाहिजे, आणि तो याच एकवीस चौकटींत.

मोरोपंतांनी 'निरोष्ठ रामायण' रचताना ओठांनी उच्चारायची अक्षरे वर्ज्य केली. 'राम' म्हणायची सोय नसताना रामकथा सांगायची, म्हणजे भाषेचे कोनाडेकोपरे धुंडाळणे आले. आमच्या मुलांनाही हाताशी असलेल्या अक्षरांत बसणारा शब्द असाच शोधावा लागेल.

यावर एका शिक्षकमित्राने विचारले, "या पोरांच्या वाट्याला दप्तर जुने, पुस्तके जुनी. आता संगणकही जुनाच देता?" प्रश्न झोंबला, कारण तो खरा आहे. पंतांचे बंधन स्वखुशीचे होते. ज्याच्याकडे मुळात काहीच नाही त्याला काटकसरीचे सौंदर्य शिकवणे ही क्रूर थट्टा ठरेल. अभाव आणि वृत्त या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आम्ही विसरता कामा नये.

तरीही आम्ही यंत्र बदललेले नाही. मोबाइलवरचे चकचकीत खेळ मुले तासन्‌तास खेळतात, पण ते आतून कसे चालतात हे त्यांना कधीच दिसत नाही. स्पेक्ट्रम सुरू केला की तो आज्ञेची वाट पाहत बसतो. आणि तो इतका लहान आहे की बारा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात अख्खा मावू शकतो. समोरचे यंत्र आपल्याला पुरते कळले आहे, हा अनुभव नव्या महागड्या संगणकावरही सहसा मिळत नाही.

म्हणून परीक्षणाचा निकष एकच ठेवला आहे: आपल्या खेळातली कोणतीही ओळ तिथे का आहे, हे मुलाला सांगता यावे. परीक्षक व्हावे म्हणून त्या शिक्षकमित्रालाच गळ घातली आहे. अजून होकार आलेला नाही. असो.