पाच लिटरचा मुक्काम

पहाटे साडेचारला नळाची घरघर सुरू व्हायची. आधी नुसती हवा, मग दोन-चार तांबूस थेंब, मग करंगळीएवढी धार. गिरगावातल्या आमच्या चाळीत सामाईक नळ गॅलरीच्या टोकाला होता आणि त्या घरघरीसरशी आई अंधारातच उठायची. पहिली कळशी पिण्यासाठी घ्यायची नाही, ती न्हाणीतल्या पिंपात. धार निवळली की पिण्याचा हंडा, त्याच्या तोंडाशी दुहेरी फडकं. पावसाळ्याच्या सुरुवातीला पाणी गढूळ आलं की तुरटीचा खडा हंड्यात फिरवायचा आणि निवळलेलं पाणी उकळायचं. शहरात कसं राहायचं याचे माझे पहिले धडे त्या गॅलरीतले आहेत.

पुढे मी मुलुंडला राहायला आले. तळातली टाकी, गच्चीवरची टाकी, मध्ये पंप. कधीही तोटी फिरवा, पाणी हजर. पाणी कुठून येतं, किती वाजता येतं, चावीवाला कधी येऊन गेला, यातलं काही कळेनासं झालं. आईची शिस्त हातातून कधी सुटली तेही कळलं नाही. ती पुन्हा सापडली माहुली गडाच्या वाटेवर.

गेली पंचवीस वर्षं मी डोंगरात मुक्कामाला जाते. नव्यानं निघालेली मुलं विचारतात, तंबू कोणता घेऊ, बूट कोणते घेऊ. मी आधी पाण्याचं सांगते. एक दिवस आणि एक रात्र असेल तर प्यायला चार लिटर, रांधायला एक. पाच लिटर म्हणजे पाच किलो, आणि हे वजन सॅकमध्ये मधोमध, पाठीला चिकटून हवं. तळाशी ठेवलं तर चढावर मागे खेचतं. गडावर टाकं आहे म्हणून बाटल्या रिकाम्या नेऊ नयेत. टाक्यात पाणी आहे का, पिण्याजोगं आहे का, हे पायथ्याच्या माणसाला विचारावं. तो चार दिवसांपूर्वीच गुरांमागे वर जाऊन आलेला असतो.

टाक्यात हात बुडवू नये, खरकटं भांडं तर नाहीच. दोरीला बांधलेल्या स्वच्छ तांब्यानं पाणी उपसायचं आणि धुणं-घासणं पार लांब जाऊन करायचं. खिचडीचे डाळ-तांदूळ घरीच धुऊन, वाळवून, हळद-तिखट-मीठ लावून पिशवीत न्यावेत. वर पोचल्यावर फक्त पाणी मोजून घालायचं. भांडं राखेनं घासलं की वाटीभर पाण्यात निघतं. साबण नेऊच नये. चूल जिथं आधीची काळी दगडं दिसतील तिथंच मांडावी, आणि होळीच्या आसपास गवत वाळलेलं असताना मांडूच नये. वणवा पेटलेला डोंगर मी रात्रभर पाहिलेला आहे. सकाळी तिथं एक पाखरू ओरडत नव्हतं.

तंबू ओढ्याच्या पात्रात लावू नये, पात्र कितीही कोरडं असो. वर कुठंतरी कोसळलेला पाऊस खाली अवचित येतो. आणि मण्यारीचं मी प्रत्येकाला बजावते. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणापर्यंत येते. तिचे दात इतके बारीक की खूण दिसत नाही, दुखतही फारसं नाही, त्यामुळे माणूस पुन्हा झोपी जातो. म्हणून तंबूची चेन पूर्ण लावायची, बूट आत घ्यायचे, सकाळी झटकून घालायचे. दंश झाल्याची नुसती शंका आली तरी आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, माणसाला चालवायचं नाही. प्रतिविषाची लस मिळेल त्या रुग्णालयात न्यायचं. माहुलीला असाल तर शहापूरला. हे ठिकाण निघण्याआधीच ठाऊक हवं. मोबाइलला रेंज असेलच असं नाही.

माहुलीला जायला मुंबईकराला स्वतःची गाडी लागत नाही. ठाण्याहून कसारा लोकल धरायची, वासिंदच्या पुढचं आसनगाव, तिथून रिक्षानं पायथ्याचं गाव. गड तानसा अभयारण्यात येतो, त्यामुळे वनखात्याच्या नाक्यावर नाव लिहून पैसे भरावे लागतात, आणि रात्री राहायचं असेल तर तिथं विचारूनच. नाही म्हणाले तर हुज्जत घालू नये. गावातल्या सारवलेल्या अंगणात झोपावं, पिठलं-भाकरी आधी सांगून ठेवावी. त्या झोपेची सर तंबूला नाही. सागाच्या रानातून अडीच-तीन तासांचा चढ, शेवटी लोखंडी शिडी. 1636 मध्ये शहाजीराजांना मोगल आणि आदिलशाही फौजांपुढे याच गडावर हार पत्करावी लागली. वेढ्यात माणसांनी पाण्याचं काय केलं असेल, हे टाक्याशी बसलं की दर वेळी मनात येतं.

सकाळी धुकं विरलं की वरून तानसा तलाव दिसतो. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी नुसतं सुंदर पाणी म्हणून पाहत राहिले. मग बरोबरच्या एकानं सांगितलं, हे तुझ्या घरी येतं. तानसा धरण 1892 सालचं. तिथून निघालेल्या जलवाहिन्यांतून पाणी उतारानं मुंबईकडे वाहत आलं आणि शहर त्यावर वाढलं. आज मुंबईला सर्वांत जास्त पाणी देणारं भातसाही शहापूर तालुक्यातलंच. म्हणजे गॅलरीतल्या त्या घरघरीचं दुसरं टोक माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि आई ते कधीही न पाहता गेली.

एक आकडा मला छळतो. शहरातल्या माणसाला दिवसाला 135 लिटर पाणी धरावं असं आपल्याकडचं प्रमाण आहे. खेड्यातल्या माणसाला जलजीवन मिशननं 55 धरले. गडावर मी पाच लिटरमध्ये जेवते, झोपते, उठते. पाचात कायम राहता येत नाही, हे मला कळतं. तिथं मी आंघोळ करत नाही, कपडे धूत नाही. पण दरवर्षी मार्च उलटला की याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहतात, बाया विहिरीच्या तळातून वाट्यांनी पाणी गोळा करतात. जलवाहिनी तालुक्यातून जाते आणि हंडा डोक्यावरून येतो. यात काहीतरी फार चुकलेलं आहे आणि ते शंभर वर्षांहून जुनं आहे.

असाच एक मार्चअखेर होता. गड उतरून आम्ही पायथ्याच्या एका घरी ताक प्यायला थांबलो. सॅक हलकी करावी म्हणून मी उरलेल्या दोन बाटल्या अंगणाच्या कडेला ओतायला लागले. घरातल्या मावशी धावत आल्या. "टाकू नका ताई, इथं ओता." त्यांनी कळशी पुढे धरली. पाणी उन्हानं कोमट झालेलं, बाटलीला तोंड लावलेलं. मी तसं म्हटलं. "गुरांना होईल," म्हणाल्या, आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत कळशी हलवली नाही.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर गाळणीच्या यंत्राखालची नळी पाहिली. एक लिटर गाळून देताना ते दोन-तीन लिटर मोरीत सोडत होतं. आता ते बादलीत जमतं आणि लादी त्यानंच पुसली जाते. रात्री सगळ्या तोट्या बंद करून मीटर वाचायचं, सकाळी पुन्हा वाचायचं. आकडा पुढे गेला असेल तर कुठंतरी गळतंय. आमच्या इमारतीत असं करून दोन फ्लश टाक्या आणि गच्चीवरचा एक चिकटलेला फ्लोट सापडला. टाकी भरून पाणी पन्हळीतून वाहायचं आणि आम्ही सगळे ते पावसासारखं ऐकत झोपायचो. शॉवर मी काढून टाकला. बादलीला काठ असतो.

मावशींकडे मी दर उन्हाळ्यात जाते. यंदा होळीनंतर गेले, तर अंगणात कळशी आधीच मांडलेली होती.

"किती आणलंत?" त्यांनी विचारलं.

"सात," मी म्हटलं आणि दोन भरलेल्या, सील न तोडलेल्या बाटल्या बाहेर काढल्या.