संधाता

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून जे व्यवसाय शिकविले जातात, त्यांची मराठी नावे आमच्या वाचकांपैकी थोड्यांनीच वाचली असतील. फिटर हा तेथे 'जोडारी' असतो, टर्नर 'कातारी', इलेक्ट्रिशियन 'वीजतंत्री' आणि वेल्डर 'संधाता'. ज्याने तीस वर्षे शाळेत मराठी आणि संस्कृत शिकविण्यात घालविली, त्याला हा शेवटचा शब्द पाहून आनंद व्हावा हे साहजिकच आहे. सम् ह्या उपसर्गापुढे धा हा धातू आणि त्यावर तृच् प्रत्यय. धाता आणि विधाता ह्यांचा हा सख्खा भाऊच. परंतु तो आनंद आम्हांस फार वेळ उपभोगिता आला नाही. ज्या अर्जाच्या छापील प्रतीवर आम्ही हा शब्द वाचला, तो अर्ज आमच्या भाच्याचा होता, आणि तो त्याने आम्हांस न विचारता भरला होता.

भाचा म्हणजे आमच्या धाकट्या बहिणीचा एकुलता मुलगा. मेहुणे वारल्यापासून मायलेक लांज्याचे घर बंद करून रत्नागिरीस आमच्याकडेच राहतात. दहावीला त्याला बेताचेच गुण पडले होते. तरीही आम्ही त्याला अकरावीच्या शास्त्र शाखेत घातले. 'घातले' हेच येथे खरे क्रियापद होय. तो आपण होऊन गेला नव्हता. वर्षअखेर रसायन आणि गणित ह्या दोन्ही विषयांनी त्याला हात दिला नाही, आणि एक वर्ष फुकट गेले. ते वर्ष त्याचे गेले, आमचे नव्हे, ही गोष्ट त्या वेळी आमच्या ध्यानात आली नाही.

आमचे आजोबा मामलेदार कचेरीत कारकून, वडील शिक्षक आणि आम्हीही शिक्षक. तीन पिढ्या दौतीतून टाकात आणि टाकातून कागदावर अशा गेल्या. त्यातून हा जिल्हा असा की, येथे बुद्धीचा अभिमान धरावयास कारणे शोधावी लागत नाहीत. लोकमान्यांचा जन्म १८५६ साली ह्याच गावी झाला. १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले परांजपे दापोलीकडील मुर्डीचे. ही नावे लहानपणापासून आमच्या कानांवर इतक्या वेळा घातली गेली की, पुस्तकाखेरीज दुसरे काही हाती धरणे म्हणजे त्यांचा अपमान करणे, अशी आमची समजूत होऊन बसली होती. लोखंडाचे काम आमच्या घरीही निघे. खाऱ्या वाऱ्याच्या ह्या गावात कोणतेच लोखंड फार दिवस सुखाने नांदत नाही. फाटकाची बिजागरी, खिडकीचे गज, पाण्याच्या टाकीचा सांगाडा, काही ना काही दर वर्षी खातेच. परंतु ते काम करावयास कोणी तरी येई, करून जाई, आणि त्याला चहा अंगणात दिला जाई.

अर्ज पाहून बहीण रडली. "दादा, ह्याला आठवी पास झालेली पोरेही चालतात म्हणे," एवढेच ती म्हणाली. माहिती खरी होती. संधात्याच्या अभ्यासक्रमास आठवी उत्तीर्ण असणे पुरते आणि तो एका वर्षात संपतो. १९५० साली भारत सरकारने जी कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू केली, तिच्यातूनच हे शिक्षण चालत आले आहे, तिचे प्रमाणपत्र देशभर मानले जाते, वगैरे आम्ही तिला सांगितले. पण आमच्याच आवाजात जोर नव्हता. भाचा मात्र काही बोलला नाही. ऑगस्टात तो येथील सरकारी संस्थेत जाऊ लागला.

आमची कल्पना अशी होती की, पहिल्याच दिवशी त्याच्या हाती ते ठिणग्या उडविणारे यंत्र देतील. प्रत्यक्षात सुरुवातीचे दिवस कानस, करवत आणि आखणी ह्यांतच गेले. लोखंडाचा तुकडा चौरस करावयाचा, गुण्यात धरून पाहावयाचा, फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासावयाचा. हाताला फोड आले. मग एकदाची ती वेल्डिंगची काडी हाती आली. सव्वातीन मिलिमीटरांहून किंचित बारीक अशी ती पोलादी सळई, तिच्यावर मसाल्याचा लेप, आणि तिच्यातून जाणारा शंभरेक अँपिअरचा प्रवाह. काडेपेटीची काडी ओढावी तशी ती पत्र्यावर ओढून लगेच केसभर उचलावयाची असते. कमी उचलली तर ती चिकटून बसते, जास्त उचलली तर विझते. त्या केसभर अंतरात जी प्रज्योत पेटते, तिची उष्णता सूर्याच्या पृष्ठभागाच्या घरातली असते, आणि पोलाद तर पंधराशे अंशांच्या आसपासच वितळते. "मामा, पहिल्या दिवशी माझी काडी इतक्या वेळा चिकटली की शेवटी सरच हसले," असे तो सांगे. सदऱ्याला ठिणग्यांची भोके पडत. बहीण ती रात्री रफू करी आणि करताना एक अक्षर बोलत नसे.

पावसाळ्यात हे शिक्षण रत्नागिरीस घेणे म्हणजे काय, हे आम्हांस हळूहळू कळू लागले. तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस जेथे पडतो, तेथे पापड-कुरडयांचे जे होते तेच ह्या काड्यांचे होते. त्यांच्यावरील लेप हवेतली ओल पितो. ती ओल प्रज्योतीत फुटून तिच्यातला हायड्रोजन वितळलेल्या पोलादात शिरतो, आणि जोड वरून सुबक दिसला तरी आत जाळी पडते, किंवा काही तासांनी त्याला चीर जाते. म्हणून जाड आणि जबाबदारीच्या कामाच्या काड्या भट्टीत तापवून गरमच वापरतात. आमची बहीण भिजलेल्या काडेपेट्या चुलीशेजारी ठेवी, ते पाहत तो वाढला होता; ही गोष्ट त्याला समजावून सांगावी लागली नाही.

दुसरी एक गोष्ट ऐकून आम्हांस गंमत वाटली. गॅसच्या वेल्डिंगमध्ये जो अ‍ॅसिटिलीन वायू ऑक्सिजनबरोबर जाळतात, तो कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडले की निघतो. म्हणजे हापूस आंबा अकाली पिकविण्यासाठी पेट्यांतून ज्याच्या पुड्या ठेवीत, आणि ज्याला कायद्याने बंदी आहे, तेच हे कार्बाइड! ज्याने आंबा नासतो त्याने लोखंड सांधते. आम्ही अढीच्या आंब्याचे अभिमानी. कार्बाइडचे एवढे एक चांगले काम ऐकून तेवढ्यापुरता त्याच्यावरचा राग कमी झाला.

मार्गशीर्षात नात्यातले एक लग्न होते. पंक्तीत शेजारच्या गृहस्थांनी विचारले, "भाचा हल्ली काय करतो?" आम्ही म्हणालो, "टेक्निकल बाजूला आहे. इंजिनिअरिंगच म्हणा ना." गृहस्थांनी समाधानाने मान हलविली आणि जिलबीकडे वळले. मठ्ठ्याचे भांडे घेऊन भाचा आमच्या पाठीमागेच वाढावयास उभा होता, हे आम्हांस ठाऊक नव्हते.

त्यानंतर काही दिवसांनी पालकांना संस्थेत बोलाविले होते. बहीण जावयास तयार होईना, म्हणून आम्ही गेलो. तेथील निदेशकांनी आमच्या हाती काळ्या काचेची ढाल दिली आणि ती डोळ्यांसमोर धरावयास सांगितली. क्षणभर सर्वत्र ठार अंधार. मग त्यात एक हिरवट ठिपका उमटला, आणि त्याच्या मागोमाग नखाएवढे एक तळे, वितळलेल्या पोलादाचे. ते तळे पुढे सरकत होते, आणि त्याच्या मागे खवले खवले पडून घट्ट होत होते. भोवतालचा मुलगा, त्याचे हातमोजे, टेबल, काही दिसत नव्हते. "कान द्या," निदेशक म्हणाले. "आवाज बरोबर आला, तर काम बरोबर." उकळत्या तेलात एकामागून एक वडे सोडावेत, तसा तो अखंड चुरचुरणारा आवाज होता. मध्येच तो फुटला. ढाल खाली करून पाहतो तो आमचा भाचा हातोडीने मळी उडवीत होता, आणि खालच्या खवल्यांच्या रेघेत एक भोक होते. त्याने आमच्याकडे पाहिले नाही. ग्राइंडर घेतला, तेवढा भाग खरडून काढला आणि पुन्हा ढाल डोळ्यांवर ओढली. इतक्या वर्षांत मुलांच्या निबंधांतल्या चुका आम्ही तांबड्या शाईने दाखविल्या. एकाही मुलाने त्या अशा निमूटपणे मुळापासून खरडून काढलेल्या आम्हांस आठवत नाहीत.

घरी परतताना व्याकरणाने आमचा पिच्छा सोडला नाही. नट-बोल्टने जोडलेली वस्तू म्हणजे समास. विग्रह केला की पदे जशीच्या तशी हाती येतात. वेल्डिंग म्हणजे संधी. तेथे दोन वर्ण विरघळून तिसराच होतो. मात्र एकजीव होण्यालाही एक धोका असतो. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेत पोर्टलंड येथे शेनेक्टडी नावाचे नवे कोरे तेलवाहू जहाज धक्क्याला शांत पाण्यात उभे असता मोठा आवाज होऊन जवळजवळ दुभंगले. ते रिव्हेटांनी नव्हे, तर वेल्डिंगने बांधलेले होते. थंडीने ठिसूळ झालेले पोलाद आणि सदोष जोड ह्यांमुळे एक चीर निघाली, आणि तिला अडवावयास वाटेत पत्र्याची कडच नव्हती. सारे जहाज एकच पत्रा झालेले. हे आम्ही भाच्याला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "म्हणूनच सर आम्हांला खरडायला लावतात."

माघातील गोष्ट. रविवारी सराव व्हावा म्हणून तो गावातल्या एका ग्रिलच्या दुकानात जात असे. तेथे दुसरा कोणी वेल्डिंग करीत असता ह्याने नुसती ग्रिल धरून ठेवली, आणि ढाल घेतली नाही. तेव्हा काहीच वाटले नाही. रात्री अकराच्या सुमारास डोळ्यांत मूठभर वाळू टाकावी तसे होऊन तो उठून बसला. प्रज्योतीतल्या अदृश्य किरणांनी बुबुळावरचा पातळ पडदा भाजतो, आणि त्याची वेदना काही तासांनी सुरू होते; बहुधा दिवसा-दोन दिवसांत ती आपोआप थांबते, असे डॉक्टरांनी थेंब देताना सांगितले. परंतु ते ऐकेपर्यंत आमच्या मनात काय काय येऊन गेले, ते लिहिणे नको. बहिणीने बटाट्याच्या चकत्या कापून ठेवल्या होत्या. पहाटे तिचा डोळा लागला. आम्ही दिवा मालवून त्याच्या उशाशी बसलो.

"मामा, जागे आहात?"

"हो."

"त्या लग्नात तुम्ही इंजिनिअरिंग म्हणालात. मी मागेच होतो."

आम्ही काही बोललो नाही. तो डोळ्यांवर ओले फडके घेऊन उताणा पडला होता, ह्याचेच आम्हांस बरे वाटले.

"तुम्ही म्हणालात त्याचे काही नाही," तो म्हणाला. "पण मग पुढे कुणी विचारले की मलाही तेच म्हणावे लागते. आईही तेच सांगते. मग चारचौघांत मला माझ्या कामाचे काही बोलताच येत नाही. नाही तर मला पुष्कळ सांगायचे असते." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "उद्या मी कुणाकडे ग्रिल बसवायला गेलो, तर मला चहा कुठे देतील हो? अंगणात?"

"झोप आता," आम्ही म्हणालो. दुसरे काही सुचले नाही, आणि आजही सुचत नाही.

ह्यानंतर आम्ही सर्व नातलगांस गाठून खरे सांगितले, असे कोणी समजू नये. त्या गृहस्थांना मात्र एक पत्र लिहिले; त्याचे उत्तर आले नाही. बहिणीची अडचण आम्ही वेगळ्या रीतीने सोडविली. तिला म्हटले, "वेल्डर म्हणवत नसेल, तर संधाता म्हण. सरकारी शब्द आहे." तिने शेजारणीला तसे सांगितले. शेजारणीची समजूत झाली की ही एखादी सरकारी जागा आहे, आणि बहिणीने ती मोडली नाही. भाच्याला हे कळले तेव्हा तो इतका हसला, की शेवटी तीही हसली. शब्दाचा उपयोग आम्ही लपावयासाठी केला, हे त्याने ओळखले होते. पण त्या दिवशी त्याने ते बोलून दाखविले नाही.

वैशाखात फाटकाची बिजागरी पुन्हा खाल्ली, आणि नेहमीचा माणूस आला. भाचा त्याच्याजवळ जाऊन बसला. काडी कोणती वापरता, प्रवाह किती ठेवता, असे दोघांचे बोलणे चालले होते. आम्ही बाहेर जाऊन म्हटले, "चहा ओटीवर ठेवला आहे. दोघेही या." तो माणूस जरा घोटाळला आणि हात तेलकट आहेत म्हणाला. भाच्याने त्याला न्हाणीघराची वाट दाखविली.

परीक्षा झाली. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारीच्या कायद्याखाली त्याला घाटावरच्या एका कारखान्यात घेतले आहे, आणि गेल्या आठवड्यात तो गेला. जाताना त्याने एक वस्तू आम्हांस दिली. दोन पट्ट्या सांधून, जोड घासून सपाट करून, मग ती पट्टी यंत्रात घालून घोड्याच्या नालेसारखी पुरती वाकवितात. जोडाला चीर गेली तर काम नापास. ही पट्टी पास झालेली आहे. सध्या ती आमच्या मेजावर ह्याच कागदांवर ठेवलेली असते. खाऱ्या हवेने तांबेरा धरू नये म्हणून दर आठवड्यास तिला खोबरेल लावतो. जोड नेमका कोठे आहे, हे त्याने दोनदा बोट ठेवून दाखविले होते; आम्हांस तो अजून सापडत नाही.