ट्यूब नसलेले चाक

वाचकहो, आपल्या घरी स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असेल, तर औषधांचा हिशेब चुकणे म्हणजे काय, हे मी आपणांस वेगळे सांगायला नको. माझ्या वडिलांना दोन वर्षांपूर्वी दोनदा आकडी आली. तेव्हापासून सकाळी एक व रात्री एक अशी आकडीवरची गोळी सुरू आहे. ही गोळी अचानक बंद करायची नसते. तशी ती थांबली तर आकडी पुन्हा येण्याचा धोका वाढतो, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी मला बजावले होते. असे असूनही सप्टेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी मी डबा उघडला, तर त्यात एकच गोळी होती. नवे पाकीट कपाटात आहे, असे मी आठवडाभर धरून चालले होते. कपाटात होते ते रिकामे पाकीट. विसराळूपणाचा आजार घरात एकालाच आहे, असे मी लोकांना सांगते. ते तितकेसे खरे नाही.

आम्ही चिखलदऱ्याला राहतो. समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंचीवरचे हे आमचे गाव. विदर्भातील माणसे उन्हाळ्यात येथे गारवा शोधत येतात, पावसाळ्यात धुके पाहायला येतात आणि दोन दिवसांत परत जातात. येथे म्हातारपण काढणे ही गोष्ट निराळी. ती नेमकी गोळी त्या दिवशी गावात मिळेना. परतवाड्याच्या दुकानदाराने फोनवर ‘आहे’ म्हटले. परतवाडा म्हणजे घाट उतरून तीसएक किलोमीटर. एस.टी.ने जावे तर परतायला संध्याकाळ होणार, आणि शेजारच्या काकू बाबांजवळ फार तर तीन तास बसू शकणार होत्या. स्कूटरने जाणे भाग होते. अंगणात आले तर मागचे चाक जमिनीला चिकटलेले.

मी एकोणसाठ वर्षांची. दोन्ही गुडघे कुरकुरतात. शंभर किलोंच्या आसपासची स्कूटर, तीही बसलेल्या चाकाची, चढावावरून पंक्चरवाल्यापर्यंत ढकलत नेणे मला शक्य नव्हते. आपणही ते करू नये. टायर आणि कंबर दोन्ही त्यात जातात. भाच्याने दिवाळीत दिलेली एक लहानशी पेटी मात्र सीटखाली वर्षभर तशीच पडून होती. ट्यूबलेस टायरचे पंक्चर घरच्या घरी काढण्याची. ‘मावशी, घाटात अडकलीस तर,’ असे म्हणून त्याने दिली होती. मी ती उघडूनही पाहिली नव्हती.

पेटीत काय होते ते सांगते, कारण नावे ऐकून माणूस उगाच बिचकतो. आडव्या मुठीची दोन हत्यारे: एक गोल कानशीसारखे खरखरीत, दुसरे पोती शिवायच्या दाभणासारखे, टोकाला नेढे असलेले. निरांजनातल्या वातीपेक्षा जाड अशा चिकट, तपकिरी रबरी दोऱ्या. दुकानात त्यांना ‘स्ट्रिप’ म्हणतात. सोल्यूशनची एक नळी. पक्कड आणि पायाने हवा भरायचा पंप माझ्याकडे होताच.

मी स्कूटर मधल्या स्टँडवर घेतली. तसे केले की मागचे चाक अधांतरी राहते व हाताने फिरवता येते. स्वयंपाकघरातला ठेंगणा पाट आणून त्यावर बसले. इतक्यात बाबा ओट्यावर आले.

बाबांचे वय ब्याऐंशी. एस.टी.च्या कार्यशाळेत टायर विभागात त्यांची सारी नोकरी गेली. सेमाडोह, हरिसाल, धारणीकडे जाणाऱ्या गाड्यांचे थोराड टायर पहारीने उकलायचे, ट्यूब बाहेर काढायची, पाण्यात बुडवून भोक शोधायचे, ठिगळ लावायचे, पुन्हा बसवायचे. आता त्यांना माझे नाव दिवसातून एखाद्या वेळी आठवते. जेवण झाल्याचे आठवत नाही. आई जाऊन अकरा वर्षे झाली, हे दर दोन-तीन दिवसांनी त्यांना नव्याने कळत असे. हल्ली मी ते सांगणे सोडले आहे.

ते ओट्यावरून उतरले आणि माझ्या शेजारी उकिडवे बसले. मला जमत नाही तसे, सहज. एक शब्द न बोलता त्यांनी बोटावर थुंकी घेऊन ती हवा भरायच्या तोंडावर लावली व वाकून पाहिले. बुडबुडा नाही. म्हणजे दोष तिथे नाही. मग डाव्या हाताने चाक हळूहळू फिरवीत उजवा तळवा टायरवर ठेवला, आजारी लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. अर्ध्या फेऱ्यातच हात थांबला. ‘हे पाह्य,’ ते म्हणाले. पत्र्याच्या छपराला मारतात तसला एक स्क्रू खाचेत रुतला होता. मी मघापासून चष्मा पुसून पुसून तो शोधत होते.

येथवर सारे सुरेख झाले. पुढे बिघडले, आणि ते माझ्यामुळे. मी पक्कडीने स्क्रू ओढून काढला तसा फुस्स आवाज करीत उरलीसुरली हवा गेली. बाबा म्हणाले, ‘आता ट्यूब काढ.’ मी म्हटले, बाबा, ह्याला ट्यूब नसते. ‘ट्यूब कशी नाही वं? हवा काय हवेत राह्यते?’ मी समजावू लागले: ह्या टायरची कडाच रिमला घट्ट बसते, आतल्या बाजूला हवा न सोडणारा थर असतो. तिसऱ्या वेळी माझा आवाज चढला. त्यांनी पाना समजून कानस उचलली आणि दूर भिरकावली. ‘मले शिकवते!’ ओठ थरथरत होते. चाळीस वर्षे टायर हाताळलेल्या माणसाला मी टायर म्हणजे काय ते सांगत होते.

कानस शोधायला मी जास्वंदीखाली गेले आणि मुद्दाम जरा वेळ लावला. शुश्रूषा करणाऱ्यांना हा वेळ लावण्याचा उपाय ठाऊक असेलच. वादातून उठून दुसरीकडे जावे, पाणी प्यावे. विसरण्याचा आजार अशा वेळी थोडा उपयोगीही पडतो, राग फार काळ आठवत नाही. परत येऊन मी ट्यूबचा विषयच काढला नाही. कानस त्यांच्या हातात दिली आणि म्हटले, ‘बाबा, भोक खरवडून देता का? माझ्या मनगटात जोर नाही.’

त्यांनी खरवडले. सोल्यूशन धरायचे तर आधी रबर खरवडायला हवे, हे त्यांना ठाऊक होते. ट्यूब असो वा नसो. कानस भोकात सरळ घालून, पिळत पिळत ते ती आतबाहेर करीत होते, आणि त्या वेळी त्यांचे हात थरथरत नव्हते.

ह्या ठिकाणी एक जुनी हकीकत सांगते. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या एका तरुणाची अपस्मार आटोक्यात यावा म्हणून मेंदूची शस्त्रक्रिया झाली. तीत दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढला गेला. अपस्मार कमी झाला, पण नवी आठवण तयार होण्याची शक्तीच गेली; मघा भेटलेला माणूस त्याला पुन्हा अनोळखी वाटे. ब्रेंडा मिलनर ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात पाहून चांदणीच्या आकृतीवरून रेघ काढायला दिली. हे काम अवघडच, आरशात हात उलटा जातो. दिवसागणिक त्याच्या चुका कमी होत गेल्या. आणि हे काम आपण पूर्वी कधी केले आहे, हे मात्र त्याला एकदाही आठवले नाही. मिलनरबाईंनी हे १९६२ मध्ये मांडले. प्रसंगांची स्मृती आणि हातांची स्मृती मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी राहते, हे त्यातून स्पष्ट होऊ लागले. अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस लवकर बाधित होतो. पोहणे, विणणे, पोळी लाटणे, वाद्य वाजवणे अशा कृती ज्या भागांवर अवलंबून असतात ते पुष्कळदा अधिक काळ तग धरतात. कायमचे नव्हे, तेही पुढे क्षीण होतात. पण मधली काही वर्षे असतात. आमच्या घरी ती वर्षे चालू होती, आणि मी त्यांत बाबांना रोज ‘आज वार कोणता?’ असे विचारून नापास करीत होते.

असो. चाकाकडे येऊ. दाभणाच्या नेढ्यातून रबरी दोरी मी ओवली, दोन्ही बाजूंना सारखी राहील अशी, आणि तिला सोल्यूशन लावले. बाबांनी माझा हात धरला. ‘सुकू दे.’ जुन्या ठिगळाच्या पद्धतीत सोल्यूशन जरा सुकू द्यावे लागते. ह्या दोरीला ते ओलेच चालते, उलट ओलसरपणाने ती आत सरकायला मदत होते. हे मला पेटीवरच्या चित्रांवरून कळले होते. मी बोलले नाही. आम्ही दोघे दोरीवर फुंकर घालीत बसलो. एवढ्या उशिराने काही बिघडत नाही, थोडे सोल्यूशन पुन्हा लावता येते.

मग दाभण भोकात घालायची वेळ आली. वाचकहो, ह्या कामाला बळ लागते, आणि ते मनगटाचे नसावे. सांधे दुखणाऱ्यांनी बसून जोर करू नये. उभे राहून, वाकून, शरीराचा भार मुठीवर टाकावा. हातात जाड मोजे घालावेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांनी हे टोकदार काम दुसऱ्याकडे द्यावे, त्यात कमीपणा नाही. मुठीवर माझे दोन हात, त्यांवर बाबांचे दोन. दोरी आत गेली, दोन शेपट्या बोटभर बाहेर राहिल्या. एका झटक्यात दाभण सरळ बाहेर ओढले, दोरी आतच राहिली. शेपट्या कात्रीने कापल्या, अगदी टायरलगत नव्हे, थोड्या ठेवून.

हवा मी पायाने भरली. ज्यांना हृदयविकार आहे किंवा धाप लागते त्यांनी पंपाच्या वाटेला जाऊ नये, बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र मिळते. बाबा पंपाचे ठोके मोजत होते. मध्येच आकडा हरवे आणि ते पुन्हा वीसपासून धरीत. मग त्यांनी अंगठ्याने टायर दाबला आणि ‘बस’ म्हटले. मोजणीच्या काट्यावर सत्तावीस होते. माझ्या स्कूटरच्या मागच्या चाकाला एकट्या माणसासाठी एकोणतीस लागते. दोनचा फरक मी गुपचूप भरून घेतला. साबणाचे पाणी ओतून पाहिले, बुडबुडा आला नाही.

ही दुरुस्ती कोठे करू नये हेही लिहिते, कारण आपल्यापैकी कोणी हे वाचून उत्साहाने बाहेर पडेल. टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावरच ही दोरी चालते. बाजूच्या भिंतीला भोक असेल तर नाही, तो भाग सतत वाकतो आणि दोरी निसटते. लांब चीर असेल तर नाही. टायर ट्यूबचा असेल तर मुळीच नाही. घाटात वळणावर गाडी थांबली असेल तर आधी स्वतः सुरक्षित जागी यावे, गाडी नंतर. आणि अंधार पडत असेल तर मेळघाटच्या रस्त्यावर पाट मांडून बसू नये, ११२ वर फोन करावा किंवा येणाऱ्या एस.टी.ला हात करावा. खिळा रुतला आहे पण हवा टिकून आहे आणि दुकान जवळ आहे, अशा वेळी तो उपटूच नये, तसेच सावकाश जावे.

मी काकूंना बोलावले आणि सावकाश घाट उतरले. प्रत्येक वळणावर मागचे चाक डगमगते आहे असा भास होई. दोनदा थांबून पाहिले. काही नव्हते. परतवाड्यात पंक्चरवाल्याने चाक पाण्याने भिजवून तपासले, ‘चांगली भरली, कोणी भरली?’ असे विचारले. मी ‘वडिलांनी’ म्हटले. गोळ्यांची दोन पाकिटे घेतली, एक सीटखाली ठेवायला.

रात्री गोळी देताना बाबा आपल्या नखांकडे पाहत होते. नखांत काळे गेले होते. ‘हे काय झालं?’ त्यांनी विचारले. सकाळचे सांगावे असे मला वाटले. मग वाटले, सांगितले तर ती परीक्षाच होईल. मी कोमट पाण्यात त्यांचे हात घातले आणि जुन्या ब्रशने नखे घासली. त्यांना ते आवडले.

धाकटा भाऊ पुण्याला असतो. त्याला फोनवर सारे सांगितले, तर तो म्हणाला, ‘म्हणजे बाबा बरे होत आहेत का?’ नाहीत. आठवड्याभराने त्यांनी मला आई समजून हाक मारली.

पण मी एक केले. पंक्चरवाल्याकडून सायकलच्या तीन जुन्या ट्यूब मागून आणल्या. सकाळी दहाच्या सुमारास, उन्हे अंगणात आली की, घमेल्यात पाणी भरून पाट मांडते. ‘बाबा, ही गळते का बघता?’ एवढेच म्हणते. ते ट्यूब पाण्यात बुडवून इंच इंच सरकवतात, बुडबुडा दिसला की भोकावर बोट ठेवतात आणि मला हाक मारतात. मी खडूने खूण करते. सोल्यूशनची नळी मी स्वतःजवळ ठेवते. ते पेट घेणारे असते, त्याचा वास डोक्यात जातो, आणि आजार वाढला की माणूस काहीही तोंडात घालू शकतो. टोकदार हत्यारे मोजून पेटीत जातात, पेटी कुलपात. स्कूटरची किल्ली तर त्यांच्या नजरेसही पडू देत नाही.

काही दिवशी ते घमेले पाहून तोंड फिरवतात. काल त्यांनी पाणी ओतून दिले. आज पुन्हा अर्धा तास बसले, आणि एका ट्यूबला मी अजून न पाहिलेले भोक त्यांनी शोधून काढले.